आपापलं घर

पूजिता त्या दुपारी दुभाषी व्हायला आली नव्हती. ती वडिलांसाठी खोली बघायला आली होती.

शहराबाहेर, वरुणा गावाच्या रस्त्याला, उसाच्या शेतांच्या पलीकडे, 'मंदार' नावाचं ज्येष्ठांचं निवासस्थान होतं. लाल कौलांच्या बैठ्या खोल्या, मधोमध बाग, प्रत्येक दारापुढे दोन खुर्च्या मावतील एवढा व्हरांडा. आसपास भाताची कापणी चालू होती. वाऱ्याची झुळूक आली की ओल्या पेंढ्याचा वास थेट आत यायचा. पूजिताचे वडील, पांडुरंगराव, बागेतल्या बाकावर बसले होते. उजव्या मनगटाचं प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं आणि तो हात ते डाव्या हातात धरून बसत, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. न्हाणीघरात घसरून पडल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं, आणि पूजिताची झोप.

ती ऑफिसात शिरली तेव्हा तिथली व्यवस्थापक, सहाना, हतबल होऊन बसली होती. समोर साठी उलटलेल्या एक बाई ताठ उभ्या होत्या. गर्द निळी इरकली साडी, खांद्याला पर्स.

"खोलीत शेगडी चालेल का, एवढंच विचारतेय मी," त्या मराठीतून म्हणाल्या. "मला माझा चहा माझ्या हातानं लागतो."

सहानाला कन्नड येत होतं, इंग्रजी येत होतं. मराठीचं नाव नव्हतं.

"मी सांगू काय तिला?" पूजितानं विचारलं, आणि सांगूनही टाकलं. मग उत्तर घेऊन आली. चहा-कॉफीपुरती शेगडी चालते. जेवण मात्र सगळ्यांबरोबर, हॉलात.

बाईंनी तिच्याकडे वळून नीट पाहिलं. "मराठी का तू? कुठली गं?"

"इथलीच. सरस्वतीपुरम."

"तसं नव्हे, मूळची."

"मूळ… आजोबांचे आजोबा आले होते म्हणे. कुठून, ते आता कुणाला गोत्तिल्ला."

"कुणाला काय?"

"ठाऊक नाही," पूजिता हसली. "आमची मराठी अशीच आहे, काकू. अर्धी इथली."

"चालेल, अर्धी तर अर्धी. आता हिला विचार, मला बाहेर जायचं असलं तर कुणाची परवानगी काढावी लागते का. आणि माझ्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील ना?"

पूजिता विचारत होती, सांगत होती, तेवढ्यात दारात एक तरुण येऊन उभा राहिला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कपाळावर घाम, श्वास वर-खाली.

"आई."

"आलास?" बाई शांतपणे म्हणाल्या. "कसं कळलं तुला?"

"तू देवीच्या दर्शनाला निघाली होतीस ना? टॅक्सी मीच बोलावली होती, ती माझ्या फोनवर दिसते, आई. चामुंडीची टेकडी एका बाजूला राहिली आणि तुझी गाडी पुढं चाललीच आहे…" मग त्याची नजर पूजितावर गेली. "मॅडम, तुम्ही काय काय सांगितलंय हिला? माझ्या आईला अशा ठिकाणी राहायची गरज नाहीये. तिला मुलगा आहे."

"बरं," पूजिता म्हणाली. "मी इथली नाहीये पण."

"मग इतका वेळ खोल्यांची माहिती कोण देत होतं?"

"त्या देत होत्या. मी फक्त त्यांचं मराठीत आणत होते. सुम्ने."

"म्हणजे?"

"उगीच. फुकटात."

तो कानापर्यंत लाल झाला. आईनं पर्सची चेन लावली आणि पूजिताकडे बघून म्हणाली, "हा साकेत. एरवी असा बोलत नाही."

परतीला पूजिताला ऑटो मिळेना, तेव्हा साकेतनंच 'सोडू का' विचारलं. क्षमा मागायचं धाडस होत नव्हतं, त्याऐवजी त्यानं गाडीचं दार उघडून धरलं. दोन्ही म्हातारी माणसं मागं बसली, पूजिता पुढं. उसानं भरलेला एक ट्रॅक्टर पुढं हलत-डुलत चालला होता आणि साकेत त्याला ओलांडायची घाई करत नव्हता.

साकेतच्या आईनं, सरोजिनीबाईंनी, मागून विषय काढला. कऱ्हाडच्या पोस्टात खिडकीमागं नोकरी केलेली बाई, अनोळखी माणसाशी बोलायला त्यांना काही लागत नसे. "तुम्ही येणार का हो तिथं राहायला?"

"मुलीला वाटतं," पांडुरंगराव म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "ती दिवसभर नोकरीला जाते. तिथं पण तिचं लक्ष माझ्याकडेच असतं. तिची झोप व्हायला पाहिजे की हो."

पूजितानं मान वळवली नाही. पण बाजूच्या आरशात तिला साकेतचे डोळे दिसले. तो तिच्याकडेच बघत होता… आणि सापडल्यासारखा झटकन रस्त्याकडे वळला.

"आणि तुम्ही?" आता पांडुरंगरावांनी विचारलं. "मुलगा चांगला दिसतो की."

"फार चांगला. तोच तर प्रश्न आहे. सकाळी उठले की म्हणतो, आई, आराम कर. स्वयंपाकाला बाई ठेवलीये, कपड्यांना मशीन आहे. आठव्या मजल्यावरून मी दिवसभर खालच्या मोटारी बघते. भाषा येत नाही, शेजारी कोण ते ठाऊक नाही. आता हे गेल्यावर हा मला इथं घेऊन आला, ते प्रेमानंच. पण त्याच्या घरात मी आहे भाऊ, माझ्या घरात नाही."

साकेतचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. ते पूजिताला दिसलं आणि का कोण जाणे, मघाचा राग तिच्यातून निघून गेला.

सरस्वतीपुरमच्या त्यांच्या गल्लीत, पारिजातकाच्या झाडाशी गाडी थांबली. "आली की मने," पांडुरंगराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दिवसभरात पहिल्यांदा जरा उजेड आला.

"काय आलं?" साकेतनं पूजिताला हळूच विचारलं.

"मने. कन्नडात घराला म्हणतात."

"मने…" त्यानं शब्द जिभेवर फिरवून पाहिला. "म्हणजे आपल्या मनाला एक मात्रा जास्त दिली की राहायची सोय होते."

पूजिताला काहीतरी चुरचुरीत उत्तर द्यायचं होतं. नेमकं त्या वेळी सुचलं नाही. ती स्पीच थेरपिस्ट होती. पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसांना ती एकेक शब्द परत मिळवून द्यायची. आणि आता तीच फाटकाची कडी दोनदा लावून पुन्हा काढत उभी होती.

* * *

साकेतनं उपाय काढला. आईला कन्नड शिकवायचं. भाषा आली की इमारतीत ओळखी होतील, ओळखी झाल्या की मंदारचं खूळ जाईल. शिकवणार कोण, हे त्यानं आधीच ठरवलं होतं.

"तुम्ही शनिवारी मोकळ्या असता ना?" त्यानं फोनवर विचारलं.

"असते. पण मी काही शिक्षक नाही."

"बोलायला शिकवता ना पण लोकांना?"

"ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना."

"माझंही त्या दिवसापासून जरा…" तो म्हणाला. पूजितानं फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिला फार तापला होता.

शनिवारी सकाळी मायलेक पूजिताकडे यायला लागले. हॉलमध्ये सरोजिनीबाई वही न घेता, नुसतं ऐकून शिकायच्या आणि शेजारच्या नागरत्नाबाईंवर लगेच प्रयोग करायच्या. नागरत्ना निवृत्त नर्स होत्या. त्या पोट धरून हसायच्या आणि चुका सुधारायच्या. पांडुरंगराव जयलक्ष्मीपुरमहून खास दळून आणलेल्या पुडीची कॉफी करून आणायचे. डबरा-लोटा, म्हणजे खोलगट वाटी आणि पेला, दुखऱ्या हातानं धरताना थोडी सांडायची, पण दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत. आणि साकेत, ज्याला आईला सोडून परत जायचं असे, तो कधीच परत जात नसे.

"स्वल्प थांब," पूजिता एकदा कॉफी देताना म्हणाली, "गरम आहे." तुम्हीचं तू कधी झालं होतं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"स्वल्प?"

"थोडं."

"आमच्याकडे स्वल्प नुसता विरामाला लावतात."

"मग घे की विराम. तेवढं बोलणं कमी होईल."

"माझं बोलणं कमी व्हावं असं वाटतं तुला?"

तिनं लोट्यातली कॉफी उंचावरून डबऱ्यात ओतली. फेस आला. त्या फेसाकडेच बघत ती म्हणाली, "असं मी म्हटलं काय?"

एका शनिवारी आभाळ भरून आलं आणि अवेळी भुरभुर सुरू झाली. दोरीवरचे कपडे काढायला दोघं एकदमच परसात धावली. चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. घडी घालत घालत दोघं जवळ येत गेली, शेवटच्या घडीला बोटांना बोटं लागली. भिजलेल्या मातीवर पारिजातकाची फुलं चिकटली होती.

"ही चादर अजून एकदा दुमडता येईल का?" साकेतनं विचारलं.

"नाही. संपली."

"मग उलगडू या?"

ती हसत आत पळाली. तिच्या केसांत पावसाचे चार थेंब होते, आणि दिवसभर तिनं ते पुसले नाहीत.

* * *

डिसेंबरच्या शेवटी पांडुरंगराव मागच्या पायरीवरून पुन्हा घसरले. मार लागला नाही. नागरत्नाबाईंनी वेळेवर धरलं. पण पूजिता कामावरून धावत आली आणि आधी ती पायरी कोरडी पुसत बसली. टोरांटोहून भावाचा, भुवनचा, फोन आला. तो ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "पूजी, तुला एकटीला किती दिवस जमणार आहे हे?"

आठवड्यात पांडुरंगरावांची रवानगी मंदारला झाली. एक महिना राहून बघायचं, असं ठरलं. त्यांनी शाल आणि चष्मा घेतला आणि गाडीत जाऊन बसले.

त्याच आठवड्यात सरोजिनीबाईंनीही आपली बॅग भरली. कन्नड कामापुरतं आलं होतं, पेन्शन स्वतःची होती. साकेत दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पुण्याच्या कचेरीत बदली मागितली.

हे त्यानं पूजिताला कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर सांगितलं. संध्याकाळ उतरत होती. पाण्यावर पाणकोळी एका रांगेत तरंगत होते आणि फिरायला आलेली माणसं आपापल्या चालीनं जात होती.

"पुण्याला मावशी आहे, मामा आहे," तो म्हणाला. "तिथं नेलं की ती असं काही करणार नाही. लोक विचारतात, आई कुठं असते? काय सांगू मी? वृद्धाश्रमात?"

"म्हणजे लोकांसाठी नेतोस त्यांना?"

"तसं नाही."

"त्यांना तिथं आवडतंय, साकेत. त्यांनी स्वतः निवडलं. निवडू दे की त्यांना."

तो थांबला. वळून तिच्याकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "आणि अप्पांना? त्यांना निवडू दिलंस तू?"

पूजिताचा चेहरा उतरला. "ते वेगळं आहे. ते पडतात."

"माझी आई एकटी पडते. तेही पडणंच आहे ना… मला भीती वाटते, तुलाही वाटते. मग मला एक नियम आणि तुला दुसरा?"

तिला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. "जा मग पुण्याला," ती म्हणाली. "तुला कोण अडवतंय?"

आणि ती निघाली. तो हाक मारील असं तिला वाटत राहिलं. त्यानं हाक मारली नाही. त्यालाही वाटत होतं, ती वळून बघेल.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मंदारला गेली. आधी कळवलं नव्हतं. वडिलांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ती आत शिरणार, तोच तिला त्यांचा आवाज ऐकू आला. तिथल्या सेविकेला ते विचारत होते, अगदी अदबीनं, कन्नडातून: फॅन थोडा कमी केला तर चालेल का?

"चालेल की अज्जा, विचारता कशाला?" सेविका प्रेमानं म्हणाली. बटण त्यांच्या हाताच्या अंतरावरच होतं.

पूजिता दाराबाहेरच उभी राहिली. हा माणूस. सरस्वतीपुरमच्या घरात रेडिओ कितीही मोठा लावणारा, पाहुण्यांसमोर बनियनवर बसणारा, स्वयंपाकघरात येऊन आमटीत मीठ कमी आहे म्हणून स्वतःच घालणारा. इथं कुणी त्याला वाईट वागवत नव्हतं. खोली स्वच्छ होती, जेवण गरम होतं. तरी तो फॅनसाठी परवानगी मागत होता.

ती मागच्या पावली बागेत आली. तिथं सरोजिनीबाई माळ्याला मोडक्या कन्नडात सांगत होत्या की कढीपत्ता उन्हात लाव, सावलीत नको. माळी ऐकत होता. पूजिताला बघून त्यांनी हात धुतले आणि तिला आपल्या खोलीत नेलं. खिडकीत कऱ्हाडहून आणलेला देव्हारा, शेगडीवर आधण. त्यांनी चहा टाकला.

"काकू, तुम्हाला इथं घरासारखं वाटतं?"

"वाटतं बाई. सकाळी मी ठरवते, आज काय करायचं. मला कुणी आराम करा म्हणत नाही."

"मग अप्पांना का नाही वाटत?"

सरोजिनीबाईंनी चहा गाळला. "कारण त्यांचं घर त्यांच्याकडे आहे, तिकडं. माझं कऱ्हाडचं घर, हे गेले तेव्हाच गेलं, भाड्याचं होतं. मला नवं करायचंच होतं. ते इथं पाहुणे आहेत, पूजिता. पाहुणचार उत्तम चाललाय. पण माणूस किती दिवस पाहुणा राहील?"

पूजिताचा कप हातातच राहिला.

"आणि एक," त्या पुढं म्हणाल्या, "माझा मुलगा काल आला होता. तोंड एवढंसं करून. काय भांडलात ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. चहा करून दिला. वर्षभरानं माझ्या हातचा प्याला बिचारा. बसला होता इथंच, तू बसलीयेस तिथं."

पूजितानं खाली पाहिलं, जणू त्या खुर्चीवर अजून कुणी असेल.

मग ती वडिलांकडे गेली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. "अप्पा, घरी जाऊया?"

त्यांनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. "महिना कुठं झालाय?"

"नको महिना. तुम्हाला आवडत नाही, ते मला सांगायचं नाही काय?"

"तू झोपायला लागली होतीस की," ते म्हणाले.

तिनं डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. त्यांचा दुखरा हात अंदाजानं तिच्या केसांवर आला. "परत पडलात तर?" तिनं तसंच विचारलं.

"पडेन की कदाचित. इथंही पडेन. म्हातारा माणूस, पडायला जागा लागते थोडीच?" ते जरा थांबले. "भीती मलाही वाटते, पूजी. पण घरात वाटली तर मी उठून कॉफी करतो. इथं नुसता भितो."

* * *

घराची तयारी करायची ठरली. नागरत्नाबाईंनी सगळं समजावलं. न्हाणीघरात धरायला दांड्या, मागच्या पायरीला कठडा, खरखरीत फरशी. दुपारचं जेवण त्या स्वतः पांडुरंगरावांबरोबर घेणार होत्या. "मला पण एकटीला जेवण जात नाही," असं म्हणून त्यांनी आभार मानायची सोय ठेवली नाही.

दांड्या आल्या. सुतार मात्र संक्रांतीला गावी गेला होता. पूजितानं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"साकेत… तुला ड्रिल चालवता येतं काय?"

"येतं. म्हणजे… शिकून येतो."

तो संक्रांतीच्या सकाळी आला. एका हातात ड्रिलची पेटी, दुसऱ्या हातात तिळगुळाचा डबा. दारातच दोघं अडली. तिच्या हातात एळ्ळु-बेल्लाची वाटी होती, तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. गल्लीतल्या मुली ती घरोघर वाटत होत्या.

"आमच्याकडे म्हणतात, गोड बोला," साकेत म्हणाला.

"आमच्याकडे पण तेच म्हणतात." तिनं वाटी पुढं केली. "मी त्या दिवशी गोड बोलले नाही."

"मीही नाही. पण आपण दोघं खरं बोललो."

न्हाणीघरात तो स्टुलावर चढला. पहिल्याच भोकाला फरशीचा टवका उडाला.

"भिंत वाकडी आहे," तो म्हणाला.

"भिंत बरोबर आहे. तू वाकडा आहेस."

"अप्पा," त्यानं बाहेर हाक मारली, "दांडी कुठं लावू? तुमचा हात कुठं जातो ते दाखवा."

पांडुरंगराव दारात येऊन उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी हात पुढं केला, मनातल्या मनात पाय टाकल्यासारखा. "इथं. नको, वर. इतकं वर नको रे, मी काय झाडाला लोंबकळणार आहे? हां. तिथं." आणि कॉफी ठेवतो म्हणून ते आत गेले. जाताना रेडिओ लावला. नेहमीसारखा, मोठ्ठा.

त्या गोंगाटाच्या आडोशानं पूजितानं विचारलं, "पुण्याचं काय झालं?"

"नाही म्हणून कळवलं."

"आईंसाठी?"

"तिनं तेवढीही सवलत दिली नाही. म्हणाली, माझ्या नावावर थांबू नकोस. ज्या कारणासाठी थांबतोयस, ते त्या मुलीला सांग."

पूजितानं त्याचं स्टूल दोन्ही हातांनी धरलं. "मग सांग की."

"सांगतो ना… हातात ड्रिल आहे."

"ठेव खाली."

त्यानं ठेवलं. स्टुलावरून उतरला. भुवयांवर पांढरी धूळ, शर्टावर धूळ, आणि तो तिच्यासमोर एखाद्या परीक्षेला आल्यासारखा उभा राहिला.

"आईला मी घर देतोय असं मला वाटत होतं," तो म्हणाला. "तिनं स्वतःचं केलं, आणि मला कळलं, मला माझंच नव्हतं. फ्लॅट होता. संध्याकाळी परत जायचं म्हटलं की हल्ली तो फ्लॅट डोळ्यांपुढं येतच नाही. कऱ्हाडही येत नाही. तू येतेस. उंचावरून कॉफी ओतणारी, माझ्याकडे न बघणारी… मला तू आवडतेस, पूजिता. फार. हे मला चादरीच्या घडीलाच सांगायचं होतं."

पूजितानं पदरासारखं ओढणीचं टोक घेतलं आणि त्याच्या भुवईवरची धूळ पुसली. मग दुसऱ्या भुवईवरची. हात तिथंच राहिला.

"मला इथून हलता येणार नाही," ती अखेर म्हणाली. "अप्पा आहेत तोवर तर नाहीच. तुला ठाऊक आहे ना?"

"मी कुठं हल म्हणतोय? मी इथं येऊ का, ते विचारतोय. अप्पा हो म्हणाले तर."

"माझं हो नको?"

"तुझं आधी."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "सरी."

"सरी म्हणजे हो ना? नक्की?"

"सरी म्हणजे हो," ती म्हणाली. "मला पण… कधीपासून."

कॉफी घेऊन आलेल्या पांडुरंगरावांनी दोघांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. ते कॉफीसह परत गेले. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "नागरत्नाबाई, अजून एक लोटा घ्या. वेळ लागतोय त्यांना."

* * *

रविवारी दोघं सरोजिनीबाईंना सांगायला मंदारला गेली. साकेतनं वाटेत मोगऱ्याचा गजरा घेतला, आईला आवडायचा म्हणून. तिच्या खोलीला कुलूप होतं. हॉलमध्ये कॅरमभोवती चार डोकी होती आणि त्यातलं सर्वांत वाकलेलं डोकं सरोजिनीबाईंचं.

"आई," साकेत म्हणाला, "तुला एक सांगायचंय."

त्यांनी वर न बघताच हात केला. "येण्याआधी फोन करायचा ना रे. राणी राहिलीये. बाहेर व्हरांड्यात बसा, हा डाव झाला की येते. आणि ती आलीये ना बरोबर? तिला खुर्ची दे."

"तुला कसं कळलं ती आलीये?"

"मग काय, मोगऱ्याचा वास येतोय. गजरा मला आणलास?"

साकेत निमूटपणे बाहेर आला. आईच्या बंद दारापुढच्या दोन खुर्च्यांवर दोघं बसली, वाट बघत, कुणाच्या घरी वेळेआधी पोचलेल्या पाहुण्यांसारखी. कापून झालेल्या शेतांवर बगळे उतरत होते. साकेतला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. पूजितानं काही विचारलं नाही. तिनं त्याच्या हातातला गजरा घेतला, अर्धा तोडून आपल्या केसांत माळला आणि उरलेला आईसाठी दाराच्या कडीत अडकवला.

आतून सोंगटी पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ सरोजिनीबाईंचा, विजयी, मोडक्या कन्नडातला: राणी घेतला, आता मी जिंकला! पूजिताच्या ओठांवर दुरुस्ती आलीच होती. साकेतनं तिचा हात हातात घेतला.

"राहू दे," तो म्हणाला.

मग तिनं राहू दिलं, आणि हातही.